बाडातला उरलेला कागद

मी एक पाठकोरा कागद बोलतोय. नॉटिंगहॅममध्ये ट्रेंट नदीच्या काठाला दगडी पायऱ्या आहेत. त्यांतल्या खालून तिसऱ्या पायरीवर एक बाई बसली आहे आणि मी तिच्या मांडीवर आहे. तिचं नाव नीना. थोड्या वेळात ती मला पाण्यात सोडणार आहे, तेही मोठ्या प्रेमानं. त्याआधी मला माझी हकिकत सांगून टाकायची आहे, कारण माझ्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते नीनानं अजून पाहिलेलं नाही.

जन्मानं मी इथल्याच एका हॉस्पिटलचा फॉर्म. रुंदीला जास्त, उंचीला कमी. एका बाजूला रुग्णाचं नाव, पत्ता, वय, जवळचा नातेवाईक, त्याचा फोन असे इंग्रजी रकाने, दुसरी बाजू कोरी. आमचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून तयार झाले आणि चौऱ्याहत्तर साली हुकूम आला की आता फॉर्म नवा, उभ्या आकाराचा. झालं, आम्ही न वापरताच म्हातारे ठरलो. स्टोअरच्या सिस्टरनं आम्हाला रद्दीच्या गाडीकडे ढकललं होतं, तेवढ्यात डॉक्टर शशी तिथून चालले होते.

शशी त्या हॉस्पिटलात भूल द्यायचे. दोन वर्षांपूर्वीच पुण्याहून आले होते. कोऱ्या बाजूचे एवढे कागद रद्दीत चाललेले पाहून ते थांबले. मराठी माणसाला पाठकोरा कागद टाकवत नाही. तो त्यावर किराण्याची यादी करतो, मुलांना चित्रं काढायला देतो, निदान कपाटाच्या तळाशी तरी अंथरतो. शशींनी सिस्टरला विचारलं, दोन खोकी गाडीत घातली आणि घरी येऊन बायकोसमोर ठेवली. जन्माची सोय झाली तुझी, असं ते हसत म्हणाले. झालंही तसंच.

त्यांच्या बायकोचं नाव सुप्रभा. मी त्यांना बाईच म्हणतो. बाई पुण्यात कॉलेजात असताना जर्मन शिकल्या होत्या. त्यांच्या वर्गात अनुराधा नावाची मैत्रीण होती आणि दोघींना त्या भाषेचं वेडच लागलं होतं. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या जर्मनमध्ये वाचायच्या, घरच्यांना कळू नये असं काही बोलायचं असलं की जर्मनमध्ये बोलायच्या. मग लग्नं झाली. अनुराधाबाई नागपूरला गेल्या, आमच्या बाई इंग्लंडला आल्या. निघताना दोघींनी ठरवलं होतं की जर्मन लोकांची सगळी गोष्ट, म्हणजे त्यांची गाणी, चित्रं, पुस्तकं, संगीत, पहिल्यापासून आजपर्यंतचं सगळं, साध्या मराठीत लिहायचं. दोघींना हवं तसं पुस्तक मराठीत मिळालं नव्हतं, म्हणून.

आमच्या दोन खोक्यांमुळे ते सुरू झालं. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायच्या, दोन फॉर्मांमध्ये कार्बन पेपर घालायच्या आणि दाबून लिहायच्या. वरची प्रत स्वतःकडे, खालची नागपूरला. एक प्रकरण झालं की जाड पाकिटातून जायचं. महिन्या-दीड महिन्यानं निळ्या हवाई पत्रातून अनुराधाबाईंच्या दुरुस्त्या यायच्या. हा शब्द जड झाला. इथे तू घाई केलीस. ही चित्रकार मंडळी मला नीट दिसली नाहीत, पुन्हा लिही. बाई चिडायच्या, कपबशी आपटायच्या आणि पुन्हा लिहायच्या.

मला मात्र त्यांनी लिहायला घेतलं नाही. बाड बांधताना वर एक कोरा कागद हवा, म्हणून मला वर ठेवलं. चाळीस वर्षं मी कोराच होतो. खालच्या कागदांवर बाराशे वर्षं उतरत होती आणि मी वर पहारेकऱ्यासारखा बसून होतो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण एक होतं, बाई लिहिताना मोठ्यानं वाचायच्या, त्यामुळे ऐकलं मी सगळं.

पहिलं प्रकरण जंगलातल्या देवांचं होतं. गडगडाटाचा देव, ज्ञानासाठी एक डोळा देऊन टाकणारा देव, त्यांना अर्पण केलेले बळी, पेटवलेले अग्नी. मग मठांतले भिक्षू आले. ते लॅटिन ग्रंथांच्या नकला करायचे आणि एखादा शब्द अडला की दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात आपल्या घरचा शब्द लिहून ठेवायचे. जर्मन भाषा लिहिली जायला लागली ती अशी, दुसऱ्या भाषेच्या फटीत अंग चोरून. बाईंना हे इतकं आवडलं होतं की पोळ्या लाटताना त्यांनी ते शशींना दोनदा सांगितलं. शशी दोन्ही वेळा ‘असं होय’ म्हणाले.

त्याच प्रकरणात एका जुन्या वीरगीताची गोष्ट होती. ते गाणं जगलं ते केवळ एवढ्यासाठी की कुणीतरी ते एका धर्मग्रंथाच्या पहिल्या आणि शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवून ठेवलं होतं. धर्मग्रंथ म्हणून लोकांनी तो जपला आणि त्याच्या आडोशाला गाणंही राहिलं. जागा संपली, म्हणून शेवट तेवढा लिहायचा राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मला तिचं फार वाईट वाटणार आहे.

पुढे दरबारात प्रेमाची गाणी म्हणणारे सरदार आले. लिंडन झाडाच्या मऊ लाकडातून देवळांसाठी मूर्ती कोरणारे सुतार आले, ज्यांच्या मूर्तींच्या हातांवर शिरा दिसायच्या. सुटे खिळे जुळवून छपाई करणारा कारागीर आला. धर्मग्रंथ बाजारातल्या बायकांना कळेल अशा भाषेत आणणारा बंडखोर साधू आला. तिथे बाईंनी तळटीप लिहिली की आपल्याकडेही संस्कृतातलं मराठीत आणणाऱ्यांना कमी सोसावं लागलं नाही. मग तीस वर्षं चाललेलं युद्ध, आणि ओस पडलेल्या गावांत बसून शोकगीतं लिहिणारे कवी. चर्चमध्ये दर रविवारसाठी नवं संगीत रचणारे, वीस-वीस माणसांच्या कुटुंबाचे धनी. एवढ्याशा संस्थानी गावात जमलेले मोठमोठे लेखक. म्हाताऱ्यांच्या तोंडून लोककथा गोळा करत बसलेले भाऊ.

आणि एक चित्रकार. त्याच्या चित्रांतली माणसं आपल्याकडे पाठ करून उभी असतात. समोर समुद्र, धुकं, डोंगर आणि माणूस पाठमोरा. बाईंनी लिहिलं होतं, की हे चित्र कळायला त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभं राहावं आणि तो बघतोय तिकडे बघावं. अनुराधाबाईंनी त्या वाक्यासमोर हवाई पत्रात नुसतं ‘छान’ लिहिलं होतं. त्यांच्याकडून छान मिळायला बारा वर्षं लागली होती.

समोरच्या घरात एडिथ नावाच्या बाई राहत. सगळ्यांना त्या इंग्रजच वाटायच्या. लायब्ररीत नोकरी केलेल्या, गुलाबांना जपणाऱ्या. एकदा त्या चहाला आल्या आणि टेबलावरचा जर्मन शब्दकोश चाळू लागल्या. मग हळूहळू सांगितलं. त्या चौदा वर्षांच्या असताना एकट्याच जर्मनीतून इथे आल्या होत्या, आईबाप मागे राहिले ते कायमचेच. इंग्लंडात पाय ठेवला तेव्हापासून त्या एकही जर्मन शब्द बोलल्या नव्हत्या. बाईंनी भीत भीत एक वाक्य जर्मनमध्ये विचारलं. एडिथबाईंनी उत्तर दिलं, आणि उत्तर देता देता रडल्या. त्यानंतर दर गुरुवारी त्या यायच्या. पुण्याची जर्मन आणि लाइपझिगची जर्मन आमच्या टेबलावर दोन दोन तास चालायची.

पुस्तकं जाळली त्या वर्षाचं प्रकरण बाईंनी तीनदा लिहिलं. एडिथबाईंचे वडील पुस्तकविक्रेते होते, त्यांनी ते पाहिलं होतं. एडिथबाई म्हणाल्या होत्या, की जाळणाऱ्यांनी आधी याद्या केल्या होत्या, आणि याद्या करायला तरी कुणाला तरी पुस्तकं चाळावी लागतात. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. नंतर देशोधडीला लागलेले लेखक आले, काही तर इथे लंडनमध्येच भाड्याच्या खोलीत लिहीत बसलेले. मग विटांच्या ढिगाऱ्यांतून घरी परतून अगदी साध्या, मोडक्या वाक्यांत पुन्हा लिहायला लागलेली तरुण माणसं. मग भिंत, भिंतीच्या दोन्ही बाजूंचं लिहिणं, मग पडलेली भिंत. एडिथबाई त्याच सुमारास गेल्या. शशीही गेले. बाई लिहीतच राहिल्या.

आता आम्ही कुठे राहायचो ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. त्या घराला ओल फार. हिवाळ्यात खिडक्यांतून पाणी ओघळायचं, पुस्तकांना बुरशी यायची. घरात कोरडी जागा एकच, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, ज्याला इथले लोक एअरिंग कबर्ड म्हणतात. बाईंनी देव तिथेच मांडले होते, वरच्या फळीवर. आम्हाला खालच्या फळीवर ठेवलं, लाल खणात बांधून. दसऱ्याला बाई देवांची पूजा झाली की खण सोडायच्या आणि माझ्यावर हळदकुंकू वाहायच्या, वर झेंडूचं फूल. विद्येची पूजा म्हणून शब्दकोशाला आणि पेनालाही तोच मान असायचा. एवढ्या वर्षांत माझा वरचा कोपरा पिवळा-लाल होऊन गेला. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

नीना आणि तिचा धाकटा भाऊ अनिश याच घरात वाढले. घरात मराठी होती, पण बघता बघता मागे पडली. शाळेत शिक्षिकेनं सांगितलं की घरी इंग्रजीच बोला, मुलांचा गोंधळ होतो. शशी थकून यायचे, त्यांना मुलांशी झटपट बोलायचं असायचं. बाई टेबलावर मान खाली घालून बसलेल्या. मुलं काही विचारायला आली की त्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या, म्हणजे ती लवकर जातील. नीनाला तिचं नाव तेवढं देवनागरीत लिहायला शिकवलं, वाढदिवसाच्या कार्डांसाठी. पुढचं नंतर शिकवू म्हणून राहिलं.

शेवटचं प्रकरण लिहून झालं तेव्हा बाई सत्तर वर्षांच्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला हातात घेतलं. चाळीस वर्षांनी माझ्यावर पेन टेकलं तेव्हा मी शहारलो. हळदकुंकवाची जागा सोडून त्यांनी वर मोठ्या अक्षरात नीनाचं नाव घातलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. त्या ओळी मी नंतर सांगतो. मग त्यांनी मला उलटं केलं. मागच्या छापील रकान्यांकडे बघून त्यांना हसू आलं. जिथे ‘जवळचा नातेवाईक’ असं इंग्रजीत छापलेलं आहे, तिथे त्यांनी पेन्सिलीनं अनुराधाबाईंचं नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्यात नागपूरचा पत्ता, फोनच्या रकान्यात फोन. आणि खाली लिहिलं, ‘संपूर्ण कार्बन प्रत हिच्याकडे आहे. छापायचं झालं तर हिला विचारावं.’

दोन वर्षांपूर्वी बाईंना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण भाषा गेल्या. जर्मन पहिली गेली, मग इंग्रजी, तीही सगळीच्या सगळी. मराठी तेवढी राहिली, पुण्याची, लहानपणची. मुलांनी त्यांना घराजवळच्या एका केअर होममध्ये ठेवलं. काही महिने त्यांना आठवड्यातून एकदा घरी आणायचे. नीना लंडनजवळच्या पिनरहून यायची, आईचा हात धरून बसायची. बाई कपाटाकडे बोट दाखवून तिला सांगायच्या, अगदी सावकाश आणि नीट सांगायच्या, की ते बाड सांभाळ, दुसरी प्रत अनुराधाकडे नागपूरला आहे, तिला कळव, ती छापून घेईल.

नीना म्हणायची, “हो आई.”

तिला घरगुती मराठी मोडकीतोडकी यायची, पण बाड, प्रत, छापणं यातलं काही कळत नव्हतं. न कळणाऱ्या मराठीला ‘हो आई’ म्हणायची सवय तिला लहानपणापासूनच होती. त्यानं आई खूश व्हायची आणि वाद टळायचा. बाईंनी हे तीनदा सांगितलं आणि नीनानं तीनदा वचन दिलं. कपाटाचं दार उघडं असायचं, मी ऐकत होतो. तिसऱ्यांदा बाईंनी समाधानानं डोळे मिटले.

गेल्या हिवाळ्यात रिकाम्या घरात एकदा फोन वाजला आणि मशीनवर अनुराधाबाईंचा आवाज आला. म्हातारा झालेला, पण तोच शिस्तीचा. त्या म्हणाल्या, “सुप्रभा, आमची बिल्डिंग पाडणार आहेत. पुढच्या दिवाळीच्या आत जागा रिकामी करायची. मुलगा म्हणतो नव्या घरात जुन्या ट्रंका नकोत. तुझी प्रत कुणाच्या हातात देऊ ते सांग, मी वाट बघते.” पुढच्या आठवड्यात अनिश टपाल बघायला आला. त्यानं तो निरोप ऐकला, पुन्हा लावला, एवढी भरभर मराठी न कळून खांदे उडवले आणि पुसून टाकला. त्याला वाटलं, भारतातल्या कुणा मावशीनं खुशाली विचारली असेल.

बाई गेल्या त्या या मार्चमध्ये. मग घर आवरायला दोघं भावंडं आली. अनिश लंडनच्या दुसऱ्या टोकाला, क्रॉयडनला राहतो, रजा मिळाली नव्हती म्हणून सगळं एका शनिवार-रविवारात उरकायचं होतं. जर्मन पुस्तकं चॅरिटी शॉपला, म्हणजे दानाच्या वस्तू विकणाऱ्या दुकानाला, शब्दकोशही तिथेच, भांडी वाटून. मग त्यांनी कपाट उघडलं. वर देव, खाली लाल खणातलं बाड. नीनानं गाठ न सोडता नुसता कोपरा उलगडला. हळद, कुंकू, पोथीसारखा आडवा आकार, आईचं गिचमिड देवनागरी अक्षर. त्या कोपऱ्यामागे हॉस्पिटलचा फॉर्म बघून तिला हसू आलं. पोथीसुद्धा बाबांच्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवली, आईच ती.

अनिश म्हणाला, “पोथी चॅरिटी शॉपला देऊ शकत नाही, नीना. इट्स होली. आजीच्या वेळी बाबांनी काय केलेलं, रिमेंबर? तिची पोथी रिव्हरमध्ये सोडलेली.”

तरी त्यानं खात्री करून घेतली, मुलगा तसा जबाबदार आहे. माझ्या खालचे दोन-तीन कागद ओढले आणि फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या ॲपसमोर धरले. बाईंचं अक्षर त्या यंत्राला झेपेना. दहा शब्दांतला एखादा लागायचा. देव. अग्नी. बळी. जंगल. पुन्हा देव. पहिलंच प्रकरण होतं ते. दोघांची खात्री पटली.

मला कंठ फुटला तर बरं, असं मी म्हणत होतो. कागदाला कुणी वाचलं तरच बोलता येतं.

बाईंच्या अस्थी याच नदीत सोडायला त्यांनी छोटी बोट घेतली होती. अस्थींबरोबर आम्ही. बोटवाल्यानं सांगितलं की कापड पाण्यात टाकता येणार नाही, फुलं आणि कागद चालतील. म्हणून नीनानं खण सोडला आणि पहिल्यांदा मला पूर्ण पाहिलं. वर तिचं नाव होतं. तेवढी दोन अक्षरं तिला वाचता येतात. आईनं पोथीच्या पहिल्या पानावर लेकीचं नाव घालून प्रार्थना लिहिली, असं तिला वाटलं, आणि तिनं मला ओढून कोटाच्या आत घातलं. बाकीचे सहाशे बारा कागद दोघांनी ओंजळी-ओंजळीनं पाण्यात सोडले. हात जोडले. नीनाला आठवत होती तेवढी आरती तिनं म्हटली.

भिक्षू गेले, सुतार गेले, तीस वर्षांचं युद्ध गेलं, एडिथबाईंचे गुरुवार गेले. ते जुनं गाणं धर्मग्रंथाच्या आडोशाला बसलं म्हणून वाचलं होतं. आम्हाला धर्मग्रंथ समजले म्हणून आम्ही बुडालो. आणि राग तरी कुणावर काढू? जाळणाऱ्यांचा राग करता येतो. या दोघांनी वर फुलं वाहिली होती.

नीनानं मला पिनरच्या दुकानातून चौकट करून घेतली. दुकानदारानं मला पुठ्ठ्यावर टेपनं चिकटवलं, वर काच बसवली. माझी पाठ पुठ्ठ्याला गेली. दिवाणखान्यात, तिच्या खुर्चीसमोर मला टांगलं. रोज सकाळी ती कामावर जाताना दोन बोटं काचेला लावायची. माणसं चौकटीतल्या गोष्टीला नमस्कार करतात, पण तिच्या मागे काय असेल हा विचार त्यांच्या मनात येत नाही. नीनाला फोटो काढायचं वेड आहे. ताटाचा, मांजरीचा, पार्किंगच्या पाटीचासुद्धा. तिनं माझाही काढला आणि अनिशला पाठवला. समोरून.

दहा दिवसांपूर्वी देवयानी चहाला आली. ती पुण्याची, वर्षभरापूर्वी नोकरीसाठी इथे आली, नीनाच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. कप हातात घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना मी पाहिले. सहा महिन्यांत माझ्यावरून कुणाचे डोळे तसे फिरले नव्हते.

“नीनाताई, काकू जर्मन शिकवायच्या का?”

“नो. हाउसवाइफ होती. का?”

“मग हे कशाचं पान आहे?”

“ते माझा आईचा पोथी आहे. प्रेअर बुक. तिनी माझासाठी प्रेअर लिहिला.”

देवयानीनं कप खाली ठेवला. तिला आता बोलावं की नाही असं झालं होतं. नीनानं वाचायला सांगितलं, तेव्हा तिनं वाचलं.

“चि. नीना हिस. जर्मन लोकांची बाराशे वर्षांची ही गोष्ट मी मराठीत लिहिली आहे. तुला ती वाचता येणार नाही, आणि हा दोष माझा आहे. परक्यांनी आपली भाषा कशी जपली ते शिकत बसले आणि तुला माझी द्यायची राहिली. कुणाकडून तरी वाचून घे, म्हणजे मी एवढी वर्षं मान खाली घालून काय करत होते ते तुला कळेल. आई.”

नीनानं ते पुन्हा वाचायला लावलं. मग एकेका वाक्याचं इंग्रजी करून मागितलं. देवयानी करत गेली. सगळं संपल्यावर नीनानं चहाचा कप बाजूला सरकवला.

“बाकीचा पूर्ण रिव्हरमध्ये आहे,” ती म्हणाली. “आम्ही टाकला. फुलं घालून.”

देवयानीला रडू आवरेना. तिनं विचारलं, एवढं मोठं काम, एखादी कॉपी असेलच ना कुठेतरी, काकू काही बोलल्या नव्हत्या का?

“नाही,” नीना म्हणाली. “मला तिनी काहीच नाही सांगितला.”

पुठ्ठ्याच्या आत माझी पाठ जळत होती. तीनदा सांगितलं होतं गं त्यांनी. तीनदा तू हो म्हणालीस.

त्या संध्याकाळी नीनानं मला भिंतीवरून उतरवलं. मला आशा वाटली. पण तिनं मला टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलं, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मग फोनवर अनिशशी बोलणं झालं. दोघंही रडले. शेवटी नीनानं ठरवलं की आईचं लिहिणं एका जागी असावं. सहाशे बारा कागद जिथे आहेत तिथे हा एक घरात टांगून ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही. देवयानीनं नको म्हणून पाहिलं, पण फार जोर केला नाही. घरचं दुःख, त्यात बाहेरच्यानं किती बोलायचं.

म्हणून आज सकाळी आम्ही लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून गाडीत बसलो, मग ट्राममध्ये, मग इथवर पायी. दिवाळी तीन आठवड्यांवर आहे. नागपूरला एक म्हातारी बाई ट्रंकेवर हात ठेवून मुलाला थांबवत असेल, आणि इथून निरोप यायची वाट बघत असेल. सुप्रभा गेली हेही तिला कुणी कळवलेलं नाही.

नीनानं चौकट उघडली, पुठ्ठ्याच्या टेपा एकेक करून सोडवल्या. मी मोकळा झालो. सहा महिन्यांनी माझ्या पाठीला वारा लागतोय. पण तिनं मला सुलटंच धरलं आहे, स्वतःचं नाव वर येईल असं. आता ती फोन काढते आहे. नदीचा फोटो काढला. पाण्यावर ऊन पडलंय, त्याचा. मागच्या पायरीवर कुणी उभं असेल तर त्याला एक पाठमोरी बाई आणि तिच्यापुढे नदी दिसत असेल.

नीना, अजून फोन खाली ठेवू नकोस. मला उलट. मागे तुला वाचता येईल अशा भाषेत छापलेलं आहे, ‘जवळचा नातेवाईक’. त्याच्यासमोर तुझ्या आईचं अक्षर आहे आणि खाली फोनचे आकडे, तुला येतात तसलेच. तू ताटांचे फोटो काढतेस, पाट्यांचे काढतेस. एक माझ्या पाठीचा काढ आणि देवयानीला पाठव. मग खुशाल सोड मला, मी बाकीच्यांकडे आनंदानं जाईन.

ती उठली आहे. खालच्या पायरीवर आली आहे. वाऱ्यानं माझा हळदीचा कोपरा उचलला आहे, अजून थोडं आणि मी उलटेन. नीना, अंगठा थोडा सैल कर.